इंटिरियरचं शूट: कॅमेरा लॅपटॉपला जोडून करायचं की नाही?

अंतरंग_दादर

नमस्कार मंडळी. मी इंटिरियर डिझायनर आहे. काम बहुतेक दादर-माहीम-परळ पट्ट्यातलं. जुन्या इमारतींमधली दोन-तीन खोल्यांची घरं, रीडेव्हलपमेंटमध्ये मिळालेले टॉवरमधले फ्लॅट, अधूनमधून एखादं क्लिनिक. धागा मुख्यतः फोटोग्राफर मंडळींसाठी काढतेय, पण डिझायनर, आर्किटेक्ट वाचत असतील तर त्यांनीही जरूर लिहावं.

थेट मुद्द्यावर येते. इंटिरियरचं शूट कॅमेरा लॅपटॉपला केबलने जोडूनच व्हायला हवं असं माझं ठाम मत झालंय. टेदर्ड शूटिंग म्हणतात ते. क्लिक झालं की फोटो मोठ्या स्क्रीनवर येतो आणि ज्याने ती खोली उभी केली तो तिथल्या तिथे सांगू शकतो की काय राहिलंय. कोटेशन मागवताना मी हे आवर्जून विचारते आणि बरेच जण टाळतात. "मॅडम, कॅमेऱ्यावर दाखवतो ना" हे ठरलेलं उत्तर.

कॅमेऱ्याची स्क्रीन जेमतेम तीन इंचांची. तेवढ्यात कुठलीही खोली छानच दिसते. एका शूटला लॅपटॉप होता, तेव्हाचं सांगते. लिव्हिंग रूमची पहिली फ्रेम आली, शंभर टक्क्यांवर मोठी केली, तर टीव्हीच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाला प्लास्टिकची फिल्म तशीच. एका कोपऱ्यातून सुटून वर वळलेली आणि त्या वळलेल्या कडेवर खिडकीचा उजेड चमकत होता. पडदा डावीकडे लादीपासून बोटभर वर, उजवीकडे लादीवर लोळतोय. सोफ्यामागच्या फ्लूटेड पॅनेलवर सुताराच्या पेन्सिलीची खूण. खोलीत आम्ही चार माणसं होतो, कुणालाच यातलं काही दिसलं नव्हतं. लगेच सगळं नीट केलं आणि तीच फ्रेम पुन्हा घेतली.

त्याआधीच्या एका कामात लॅपटॉप नव्हता. फोटो हातात आले तेव्हा मुख्य फ्रेममध्ये एसीचा ड्रेन पाइप वरच्या कोपऱ्यातून डोकावत होता आणि किचनचे शटर, जे आम्ही फिक्या पिस्ता रंगात केले होते, ते राखाडी आले होते. तोवर घरची मंडळी राहायला आलेली, देव्हारा मांडलेला, ओट्यावर कुकर. आता त्या घराचा पुन्हा फोटो कसा काढणार? वर्षभराचं काम असतं हो एकेक घर म्हणजे. ते लोकांपुढे जातं ते त्या दहा-बारा फोटोंमधूनच.

तर प्रश्न असा की फोटोग्राफर हे टाळतात ते नेमकं कशामुळे? खर्च, वेळ, की आम्हाला न दिसणारी काही अडचण असते?

तिपाई

ताई, चांगला धागा. मी गेली काही वर्षं फक्त आर्किटेक्चर आणि इंटिरियर करतो, आणि टेदरशिवाय करत नाही. तुम्ही डिझायनरच्या बाजूने कारण दिलंत. फोटोग्राफरच्या बाजूने त्याहून मोठं कारण आहे, ते असं की कॅमेऱ्याला हात लागत नाही.

इंटिरियरचा चांगला फोटो बहुतेक वेळा एका क्लिकचा नसतो. एकाच फ्रेमचे अनेक एक्स्पोजर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे वेगवेगळे फोटो, घेऊन नंतर ते एकमेकांवर बसवायचे असतात. खिडकीबाहेरचा उजेड आणि आतल्या कोपऱ्यातला अंधार यांत इतकं अंतर असतं की एका क्लिकमध्ये दोन्ही येत नाहीत. खोलीसाठी एक, खिडकीबाहेरच्या झाडांसाठी एक, दिवे बंद ठेवून एक, फक्त कोव्ह लाइट (छताच्या खाचेतले लपवलेले दिवे) लावून एक, कधी फ्लॅश छतावर मारून एक. हे सगळे थर पिक्सेलला पिक्सेल जुळले पाहिजेत. कॅमेऱ्यावरचं बटण दाबलं, डायल फिरवली की ट्रायपॉड केसभर हलतो आणि एडिटिंगला बसल्यावर खिडकीच्या ग्रिलच्या कडा दुहेरी दिसतात. शटर स्पीड, आयएसओ, फोकस सगळं लॅपटॉपवरून बदललं तर हा प्रश्नच येत नाही.

दुसरं, उभ्या रेषा. भिंत, दाराची चौकट, वॉर्डरोबची कड या रेषा फोटोत सरळ उभ्या हव्यात, त्यासाठी कॅमेरा वर-खाली न झुकता एकदम लेव्हलमध्ये हवा. मग छत कापलं जातं आणि लादी नको इतकी येते. त्यासाठी शिफ्ट लेन्स असतात, कॅननची टीएस-ई २४ किंवा १७, निकॉनची पीसी १९. लेन्सच वर सरकवायची, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. किती सरकवायची हे लॅपटॉपवर लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे क्लिक करण्याआधी दिसणाऱ्या चालू चित्राला, ग्रिड लावून बघणं आणि कॅमेऱ्यामागे वाकून डोळे बारीक करून बघणं, यांत फार फरक आहे. शिफ्ट लेन्स नसेल तर थोडी वाइड फ्रेम घेऊन नंतर कापायची. तेव्हाही कापल्यावर काय उरेल हे तिथेच क्रॉप लावून कळतं.

तिसरं, एलईडी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला किंवा त्याहून संथ ठेवला तर सहसा त्रास होत नाही. पण डिमर लावलेल्या प्रोफाइल लाइटचा ड्रायव्हर आपल्याच वेगाने लुकलुकतो, आणि कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर भिंतीवर आडवे पट्टे येतात. अगदी फिकट. छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत, लॅपटॉपवर लगेच दिसतात. डिमर पूर्ण उघडायचा आणि मेकॅनिकल शटर वापरायचा.

लोक टाळतात त्याचं कारण मला विचाराल तर सवय. लग्नाच्या, प्रॉडक्टच्या कामातून आलेला माणूस कॅमेरा हातात धरून विचार करतो. त्याला ट्रायपॉडवर अर्धा तास एकाच फ्रेमपाशी थांबायचा धीर नसतो.

बोराबाजार_जुना

तिपाई, शेवटच्या वाक्याशी असहमत. धीराचा प्रश्न नाही.

मी फिल्मच्या काळापासून या कामात आहे. तेव्हा ४×५ इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यावर आधी पोलरॉइड, म्हणजे लगेच तयार होणारा फोटो, काढायचो, आर्किटेक्टसाहेबांना दाखवायचो, ते हो म्हणाले की मग खरी फिल्म घालायची. म्हणजे काम करवून घेणाऱ्याने आधी बघावं ही पद्धत जुनीच आहे आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे. अडचण आहे ती मुंबईतल्या घरांची.

दहा बाय चौदाचा हॉल घ्या. पूर्ण खोली यायला कॅमेरा दारात किंवा पॅसेजमध्ये मागे न्यावा लागतो. मग लॅपटॉप कुठे? बाथरूमच्या दारापाशी स्टुलावर. केबल पॅसेजमधून आडवी. त्याच पॅसेजमधून सफाईवाला बादली घेऊन जाणार, घरमालक फोनवर बोलत फिरणार, सुतार राहिलेलं हँडल बसवायला येणार. कुणाचा तरी पाय अडकतो. केबलला झटका बसला तर नशीब चांगलं असेल तर ती नुसती निघते, नाहीतर कॅमेऱ्याचा पोर्ट उखडतो आणि बॉडी दुरुस्तीला जाते. ट्रायपॉडसकट कॅमेरा आडवा होताना मी पाहिलाय.

आणि दुसरं, ताई राग मानू नका. स्क्रीनसमोर डिझायनर, घरमालक, त्यांची मुलगी आणि शेजारच्या काकू जमल्या की प्रत्येकाला कुशन वेगळीकडे हवं असतं. दुपारी साडेतीनचा उजेड तुमच्यासाठी थांबत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन एकदा सरळ लादीवर आलं की पुढचे दोन तास ती खोली सोडून द्यावी लागते. दिवसाला आठ-दहा चांगल्या फ्रेम होणार असतील तर चर्चेत त्याच्या पाच होतात.

अंतरंग_दादर

राग कसला, उलट हे ऐकायलाच धागा काढला. स्क्रीनपाशी गर्दी नको हे पटलं. त्यावर उपाय आमच्याकडे आहे: स्क्रीनपाशी एकच माणूस बसेल, तो डिझायनर. घरमालकांना मी आधीच सांगते की तुमचं म्हणणं मला सांगा, फोटोग्राफरला नको.

पण पाच फ्रेम झाल्या तर बिघडलं काय? मला वेबसाइटवर तीस फोटो नको आहेत. मासिकाला पाठवायला आणि पुढच्या क्लायंटला दाखवायला सहा-सात असे हवेत की ज्यांत वस्तू, उजेड, रेषा सगळं जागच्या जागी आहे. दहा बऱ्या फोटोंपेक्षा पाच पक्के मी कधीही घेईन आणि त्याचे पैसेही तेवढेच देईन.

नवखा_लेन्सवाला

माहितीपूर्ण धागा, वाचतोय. मी नवीन आहे, ठाण्यातल्या एका डिझायनरचं काम मिळालंय. फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल लावून बघितली तर लॅपटॉपला कॅमेरा सापडतच नाही. दुसऱ्या केबलने सापडतो पण एक फोटो यायला खूप वेळ लागतो. वाय-फायने केलं तर चालेल का? केबलची कटकटच नको.

तिपाई

@नवखा_लेन्सवाला, घाई करू नका, हे नीट समजून घ्या. इथेच बहुतेकांचं टेदरिंग फसतं.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. आतल्या तारा कसल्या आहेत ते बाहेरून कळत नाही. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल चार्जिंगसाठी असतात आणि डेटा नेतात तो यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे फार तर ४८० मेगाबिट. तुम्हाला यूएसबी ३ ची, ५ गिगाबिटची केबल हवी. ४५ मेगापिक्सेलची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, सहज पन्नास एमबीच्या घरात जाते. यूएसबी २ वरून ती रांगत येते, ३ वरून क्लिकबरोबर.

लांबी वाढली की गडबड सुरू होते. यूएसबी ३ साधारण तीन मीटरपर्यंत निर्धास्त चालतं. टेदरसाठी मुद्दाम केलेल्या पंधरा फुटी, म्हणजे साडेचार मीटरच्या केबल मिळतात. भडक नारिंगी रंगाच्या असतात, कारण काळी केबल लादीवर दिसत नाही आणि पाय अडकतो. त्याहून लांब हवी असेल तर मध्ये सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल लागते. दोन साध्या केबल कपलरने जोडू नका, शूटच्या मध्येच कनेक्शन तुटतं. लॅमिंग्टन रोडला घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा आणि लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच जोडून वीसेक फोटो काढा, मग पैसे द्या. खोक्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

बोराबाजार काकांनी सांगितलेली पोर्टची भीती खरी आहे. उपाय सोपा आहे. केबल कॅमेऱ्यात घालण्याआधी तिचा एक सैल वेढा ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधायचा, म्हणजे झटका बसला तर तो ट्रायपॉड घेतो, पोर्ट घेत नाही. काही कॅमेऱ्यांच्या खोक्यात केबल पकडून ठेवणारं छोटं क्लिप येतं, ते बहुतेक लोक खोक्यातच ठेवतात. ते लावा. लॅपटॉपच्या बाजूलाही तसंच बांधा. आणि लादीवरची केबल भिंतीच्या कडेने न्या, कापडी टेपने चिकटवा. गॅफर टेप खऱ्याच कंपनीची घ्या, साधी पॅकिंग टेप इटालियन मार्बलवर गोंद सोडते आणि मग डिझायनरचं तोंड बघवत नाही.

वाय-फायचं सांगतो. चालतं, पण टॉवरमध्ये जपून. प्रत्येक मजल्यावर पाच-सहा राउटर, २.४ गिगाहर्ट्झवर नुसती गर्दी. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर ते वापरा. रॉ फाइल कार्डावरच राहू द्या आणि वाय-फायवरून फक्त छोटं जेपेग पाठवा. डिझायनरला टॅबवर बघायला तेवढं पुरतं. बाथरूमसारख्या जागी, जिथे केबलला वाटच नसते, तिथे मीही असंच करतो.

आता सॉफ्टवेअर. सुरुवातीला पैसे घालू नका. कॅननचं ईओएस युटिलिटी, निकॉनचं एनएक्स टेदर, सोनीचं इमेजिंग एज, तिन्ही फुकट आहेत. काम वाढलं की कॅप्चर वन बघा. त्यात एक सोय इंटिरियरला फार कामाची आहे, ओव्हरले. आधीची फ्रेम अर्धपारदर्शक करून लाइव्ह व्ह्यूवर ठेवता येते. कुणाचा धक्का लागून ट्रायपॉड हललाच तर कॅमेरा पुन्हा त्याच जागी आणता येतो. एखाद्या मासिकाला उभा फोटो हवा असेल तर त्यांच्या पानाचा साचाही असाच वर ठेवून मथळ्यासाठी जागा सुटतेय का ते बघता येतं.

सोनी असेल तर मेन्यूत दोन गोष्टी तपासा. यूएसबी कनेक्शन 'पीसी रिमोट'वर हवं, आणि फोटो कुठे साठवायचा तिथे 'पीसी आणि कॅमेरा' निवडा. नुसतं 'पीसी' राहिलं तर कार्डावर काहीच जात नाही, आणि लॅपटॉपने दगा दिला की सगळं संपलं. यूएसबी पॉवर सप्लाय बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा लॅपटॉपची बॅटरी पीत बसतो.

पार्ल्याची_गॅलरी

मी आर्किटेक्ट. वाखु (वाचनखूण) साठवली. उजेडाबद्दल थोडी भर घालते, कारण बोराबाजार काकांनी तो विषय काढलाच आहे.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतपर्यंत येतं. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खोल्यांत दुपारी सरळ ऊन येतच नाही, शूटला सोन्यासारखी वेळ. म्हणून शूटची तारीख घराची दिशा बघून ठरवावी. आम्ही मात्र हँडओव्हरच्या दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरला बोलावतो.

पावसाळ्याला लोक उगाच घाबरतात. ढगाळ आभाळाचा उजेड मऊ असतो, खिडकी आणि खोली यांतलं अंतर कमी होतं, दोन एक्स्पोजरमध्ये काम भागतं. फक्त एसीच्या थंड खोलीतून कॅमेरा गॅलरीत नेला की लेन्सवर बाष्प धरतं. शूटच्या तासभर आधी एसी बंद करून खिडक्या उघडून ठेवाव्यात.

ओव्हल मैदानाजवळच्या एका आर्ट डेको इमारतीतल्या घराचं काम केलं होतं. तो सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. अशा घरांत छत उंच, कोपरे गोलाकार आणि लादीला नक्षीची किनार. शूट टेदर होतं म्हणून बरं, कारण त्या किनारीवरूनच कळलं की कॅमेरा भिंतीला समांतर नाही. डोळ्यांना खोली सरळ वाटत होती, स्क्रीनवर किनार एका टोकाला जाडी वाटत होती. कॅमेरा वीतभर डावीकडे घेतला तेव्हा बसलं.

साईटवरचा

मी ठेकेदारी करतो. फोटोतलं फार कळत नाही, पण शूटच्या दिवशी साईटवर मीच असतो म्हणून लिहितो.

सोसायटीला आदल्या दिवशी पत्र द्या, नाहीतर वॉचमन लाइट-स्टँड बघून शूटिंग आहे म्हणून अडवतो आणि सेक्रेटरी येईपर्यंत तास जातो. नवीन फ्लॅटमध्ये ज्या सॉकेटवर लॅपटॉप लावणार त्यात वीज आहे का बघून ठेवा. पॉइंट असतो, आत वायर जोडलेली नसते. डीप क्लीनिंग शूटच्या आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको. ओल्या पोछ्याचे ओरखडे मार्बलवर दिसतात.

आणि तुमच्या त्या पिस्ता रंगाबद्दल, ताई. लॅमिनेटचा नमुन्याचा तुकडा प्रत्येक साईटवर पडलेला असतो. तो शूटला ठेवून घ्या. फोटो रंगाने बरोबर आलाय का हे विचारायला त्याहून चांगला साक्षीदार नाही.

बोराबाजार_जुना

साईटवरचा, हे लाख बोललात. त्यात एवढंच जोडतो की लॅपटॉपच्या स्क्रीनवर रंगाचा निवाडा करू नका, ती कॅलिब्रेट केलेली नसेल तर. फोकस, रेषा, सामानाची मांडणी यांसाठी स्क्रीन, रंगासाठी कलर चेकर, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं कार्ड. नमुन्याचा तुकडा आणि कार्ड शेजारी शेजारी धरून एक फ्रेम घ्यायची, आणि उजेड बदलला की पुन्हा घ्यायची. ताई, तुमचे शटर राखाडी आले त्याचं कारण बहुधा मिसळलेला उजेड. खिडकीतून निळसर दिवसाचा, वरून ३००० केल्व्हिनचा पिवळा, आणि ओट्यावर कुणीतरी लावलेली ६५०० ची पांढरी ट्यूब. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला धरायचा ते ठरवणारी सेटिंग, एकालाच धरून बसतो, बाकीचे रंग बिघडतात. दिवे बंद करून एक एक्स्पोजर घेतलं असतं तर पिस्ता पिस्ताच आला असता.

तिपाईने सांगितलेलं केबल बांधायचं तंत्र चांगलं आहे. मी असं सुचवेन की मोठ्या फ्रेम, म्हणजे हॉल, किचन, बेडरूम, टेदरवर घ्या. हँडल, विनियरचा जोड, दिव्याखालचा कोपरा असे जवळचे फोटो केबल काढून घ्या. तिथे कॅमेरा हातात मोकळा लागतो.

नवखा_लेन्सवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. टेदरला वेळ जास्त जातो तर कोटेशनमध्ये ते कसं लिहायचं? डिझायनर म्हणतात, लॅपटॉप तर तुमच्याकडे आहेच, त्याचे वेगळे पैसे कशाला.

तिपाई

लॅपटॉपचे पैसे लावूच नका. दर दिवसाचा लावा आणि किती फ्रेम देणार ते लिहा. "दिवसभरात सहा ते आठ पूर्ण फ्रेम, मांडणी जागेवर पास करून" असं स्पष्ट लिहिलं की दुपारी चार वाजता तेराव्या फ्रेमची मागणी येत नाही. एक मदतनीस लागतो, त्याचे पैसे वेगळे दाखवा. तुम्ही लॅपटॉपवर असताना कुशन सरळ करायला, टीव्हीच्या काचेत दिसणारा ट्रायपॉड काळ्या कापडाने झाकायला कुणीतरी हवंच. आणि रेकी दिवसाच्या दरात धरा, फुकट करू नका. शूट ज्या वेळी होणार त्याच वेळी जाऊन खोली बघून या.

अंतरंग_दादर

डिझायनर म्हणून सांगते, असं कोटेशन आलं तर मी घासाघीस करणार नाही. उलट, एक ओळ आणखी घाला: स्क्रीनपाशी डिझायनरने शूटभर हजर राहावं, मध्ये दुसऱ्या साईटवर जाऊ नये. फ्रेम पास करणारा माणूसच जागेवर नसेल तर लॅपटॉप नुसता उघडा राहतो आणि उजेड निघून जातो.

@नवखा_लेन्सवाला, ठाण्याचं घर कुठल्या दिशेला उघडतं ते इथे लिहा. पार्ल्याची_गॅलरी आणि काका मिळून वेळ सुचवतील.

नवखा_लेन्सवाला

हॉल आणि गॅलरी पश्चिमेला, किचन पूर्वेला. सातवा मजला, समोर मोकळं मैदान.

बोराबाजार_जुना

मग किचन सकाळी, पण पूर्वेचं ऊन ओट्यावरून सरकल्यावर, म्हणजे साधारण दहानंतर. हॉल बारा ते दोनच्या मध्ये उरकून घ्या, तीननंतर ऊन आत येईल. बेडरूमची दिशा लिहिली नाहीत. गॅलरीची फ्रेम सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी राखून ठेवा. आतले दिवे लावून कॅमेरा आधीच लेव्हल करून ठेवायचा, केबल जोडलेली, आणि दर दोन मिनिटांनी एक क्लिक घेत राहायचं. आतला आणि बाहेरचा उजेड कुठल्या फ्रेममध्ये जुळला ते स्क्रीनवर दिसतंच.